ताटाआधी शब्द

आमच्या घरात संध्याकाळी इंग्रजी शब्द सांगितल्याशिवाय मला ताट मिळत नसे. हे वाचून कुणाला वाटेल, घर फार शिकलेलं असणार, भिंतींना पुस्तकांची कपाटं असणार. कपाट एकच होतं आणि त्यात आईच्या साड्या नि बाबांच्या टेम्पोची कागदपत्रं राहायची. सानपाड्याच्या जुन्या गावात, जिथे दोन घरांच्या मधून माणसाला तिरकं होऊनच जावं लागतं, तिथे आमचं घर होतं. शेत आणि मिठागर शहरासाठी गेल्यावर बाबांनी घरावर मजले चढवले आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. त्यामुळे संध्याकाळ झाली की डोक्यावर परक्या घरांच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या, गल्लीत पाण्याच्या मोटारी घुरघुरायच्या, आणि खाली आई विळीवर बसून नारळ खवायची. तो खवण्याचा आवाज थांबला की समजायचं, आता मिक्सर लागणार आणि मग बाबांची हाक येणार. बाबा एपीएमसी मार्केटातून भाजी उचलून दुकानादुकानांना पोचवायचे. त्यांना उजाडायच्या बऱ्याच आधी निघावं लागे, म्हणून आमची जेवणं दिवेलागणीलाच उरकायची. भिंतीला पाठ लावून आजोबा, त्यांच्याशेजारी बाबा, समोर मी. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी. पण आजोबा शेवटपर्यंत त्याला चूलच म्हणत राहिले. बाबा पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे आणि म्हणायचे, "बोल बाय, आजचा शब्द."

या नियमाचं मूळ एका होकारात होतं. आमच्या गावात इंग्रजी बोलणाऱ्या माणसासमोर मान हलवायची पद्धत होती. साहेब आला, मोजणीवाला आला, बँकेतली बाई आली, त्यांनी इंग्रजीत काही म्हटलं की आमची मोठी माणसं गंभीर चेहरा करून "यस, यस" म्हणायची. समजलं नाही असं म्हणणं कमीपणाचं, आणि यस म्हटलं की समोरचा लवकर जातो, असा त्यामागचा हिशोब. बाबा या विद्येत तरबेज होते. मला त्यांनी हौसेने वाशीच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी पाचवीत असताना वर्षाच्या शेवटी बाईंनी त्यांना बोलावलं आणि गोड हसत बराच वेळ काही सांगितलं. मी बाहेर बाकावर होते. आतून बाबांचं "यस मॅडम, यस, थँक्यू" ऐकू येत होतं. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि बाई तुझं कौतुक करत होत्या म्हणून सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझं नाव पुन्हा पाचवीच्याच वर्गात होतं. मुलीचा पाया कच्चा आहे, तिला आणखी एक वर्ष त्याच वर्गात बसवूया का, असं बाईंनी विचारलं होतं, आणि बाबांनी आभार मानून परवानगी दिली होती.

माझ्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या. मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि बाबांशी कितीतरी दिवस बोलले नाही. मी रागीट मुलगी होते, अजूनही आहे, वयाने त्यात काही फरक पडला नाही. बाबांनी मात्र माझी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. ते फक्त एकदा आईला म्हणाले, माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं. तेव्हापासून इंग्रजी ही त्यांना भाषा वाटेनाशी झाली. कुंपणापलीकडची जमीन असावी आणि तिथे आपलं कुणीतरी उभं असलंच पाहिजे, तसं काहीसं ते त्यांच्या मनात बसलं. अकरावीत मी कायद्याच्या कॉलेजात जायचं म्हणाले आणि त्याच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे अवघड शब्द विचारतात असं कळलं, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. मार्केटात कुणाला तरी विचारून त्यांनी फडतरे सरांचा पत्ता आणला.

फडतरे सर सानपाड्यातच, पण स्टेशनपलीकडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे आणि स्वतःच्या हॉलमध्ये शिकवायचे. आतून त्यांच्या बायकोच्या फोडणीचा खाट यायचा आणि आम्ही मुलं खोकत खोकत शब्दांची मुळं शिकायचो. सरांना शब्दांच्या याद्या आवडायच्या नाहीत. पाठ केलेला शब्द परीक्षेच्या दारात दगा देतो, असं ते म्हणायचे. शब्द घरी न्यायचा, कामाला लावायचा. त्याचं वाक्य पुस्तकातलं नको, आपल्या घरातल्या माणसावर, घरातल्या वस्तूवर करायचं. ते खरं असलं पाहिजे, आणि घरातल्या कुणीतरी ऐकून खरं म्हटलं पाहिजे. हे मी घरी सांगितलं आणि बाबांनी त्याचा कायदा करून टाकला. रोज एक शब्द, जेवणाआधी. एकदा झालेला पुन्हा चालणार नाही. अर्थ मराठीतून. आणि वाक्य खरं की खोटं ते आई ठरवणार, कारण घरात काय घडतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई शाळेत फार गेली नव्हती. इंग्रजी अक्षरं तिला बसच्या पाटीवरही लागायची नाहीत. पण ती न्यायाधीश झाली आणि त्या खुर्चीवर ती शोभली. भाकरी थापता थापता ऐकायची, हात न थांबवता. 'पंजंट', म्हणजे नाकाला झोंबणारा, हा शब्द मी सुकटीच्या वासावर केला, तो तिने लगेच पास केला. 'बेनेव्हलंट' मी बाबांवर केला, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारे, तर म्हणाली, परवा वरच्या भाडेकरूचं पाणी कुणी बंद केलं होतं, दुसरं सांग. बाबा खाली मान घालून हसले आणि माझं ताट लांबलं. आजोबांना हा खेळ फार आवडायचा. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, हा शब्द त्यांनी स्वतःहून मागून घेतला आणि पुढे आठवडाभर पारावर सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या नातीने मला इंग्रजीत पदवी दिली.

पण सगळं हसण्यावारी गेलं असं नाही. ओसरीच्या भिंतीला आजोबांचं मिठागरातलं मीठ ओढायचं लाकडी फावडं टांगलेलं होतं. एका संध्याकाळी मी 'ऑब्सोलीट' सांगितला. मोडलेलं नाही, पण आता कशाच्याच कामाचं उरलेलं नाही, असा अर्थ. आजोबांचं फावडं ऑब्सोलीट आहे. मला वाक्य फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. आजोबांनी घास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "ता फावडा का मी?" आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "खरा हाय. पन जेवताना नको." तिने तो नापास केला नाही हे माझ्या लक्षात राहिलं. खरं असेल तर ते खरंच, मग कुणाला कितीही लागो, ही तिची रीत होती. आज मी स्वतः शिकवते तेव्हा मुलांना कळत नाही की मी त्यांच्या वाक्यांवर इतकी का अडून बसते. त्यांच्या मोबाईलमध्ये शब्दांची कार्डं असतात, बोटाने सरकवली की पुढचा शब्द. शब्द असे सरकून जायला लागले की मला चीड येते.

त्या वर्षीच्या थंडीत आजोबांचे गुडघे फार दुखायला लागले. आई तव्यावर जाडं मीठ गरम करायची, फडक्यात बांधायची आणि रोज संध्याकाळी त्यांना शेक द्यायची. त्या दिवसांत मला सरांनी 'पॅलिएटिव' दिला होता. मी तो शेकावर केला. आईचा शेक आजोबांच्या गुडघ्यांना पॅलिएटिव आहे. आईने अर्थ विचारला. मी सांगितलं, दुखणं मुळातून जात नाही, ते तसंच राहतं, फक्त सोसता येतं. तिने विचार केला. म्हणाली, म्हणजे हे गुडघे आता बरे होणार नाहीत? आजोबाच मध्ये म्हणाले की ते त्यांना कधीपासूनच माहीत आहे. आईने मान डोलावली आणि माझं ताट वाढलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती शेक द्यायला उठताना स्वतःशीच "चला, पॅलिएटिव" म्हणायची. तिला तो शब्द तोंडात घोळवायला आवडायचा. एवढा मोठा शब्द आणि आपल्या मिठाच्या पुरचुंडीला लागू पडतो, याचं तिला नवल वाटे.

मग तिचं जेवण कमी झालं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आमच्याबरोबर कधी बसतच नव्हती. सगळ्यांचं झालं की मागून एकटी बसायची आणि काय खायची, किती खायची, ते कुणी पाहायला जात नसे. घरातल्या बाईचं जेवण घरात कुणालाच दिसत नाही, हे लिहितानाही माझा हात गरम होतो. बारावीच्या वर्षी तिला कालवणाचा वास सहन होईना. जिताडा मासा म्हणजे तिचा जीव की प्राण, तो शिजायला लागला की ती पदर तोंडाला लावून मोरीत जायची. साडीच्या निऱ्या जास्त येऊ लागल्या. गावातल्या डॉक्टरने पित्तावरची औषधं दिली, ती संपली, पुन्हा दिली. शेवटी त्याच डॉक्टरने चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि मग रिपोर्ट ऐकायला तिघांनाही बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी क्लासला दांडी मारली.

डॉक्टर तरुण होते आणि वाईट नव्हते, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांना मराठी येत नव्हतं. आधी हिंदीत दोन वाक्यं बोलले, मग आईकडे पाहिलं आणि इंग्रजीत गेले. पेशंट समोर बसलेला असला की डॉक्टर इंग्रजीत जातात, तशी एक माणुसकीच असते ती. ते माझ्याकडे बघून बोलू लागले, कारण मी मान हलवत होते आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना दिसत होतं की हिला समजतंय. मला खरंच समजत होतं. एकेक शब्द ओळखीचा होता. आजार पोटातून यकृतात पसरला आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधं देता येतील, पण त्यांनी हाल वाढतील, आयुष्य फारसं वाढणार नाही. मग तो शब्द आला, पॅलिएटिव. घरी न्या, वेदना होऊ नयेत असं आम्ही बघू. इतके दिवस मी शब्द घरात आणून खऱ्या माणसांवर बसवत होते. त्या खोलीत तेच कुणीतरी माझ्यावर करत होतं. मला ओरडावंसं वाटलं की हा झालेला आहे, झालेला शब्द पुन्हा चालत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांकडे वळून विचारलं, मग घरीच न्यायचं, उपचार पुढे नको, कुटुंबाची संमती आहे ना?

"यस," बाबा म्हणाले. "यस, यस, सर. थँक्यू."

माझं तोंड उघडलं होतं. त्याच क्षणी टेबलाखाली आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. तो हात हलका झाला होता, पण दाब चांगला होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे बघत होती, शब्द ऐकताना बघायची तशी, मान थोडी तिरकी करून. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. त्यांना वाटलं, या लोकांनी समजुतीने घेतलं. त्यांनी मला हळूच विचारलं, यांना तू नीट समजावून सांगशील ना? मी हो म्हटलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ते असं विचारू शकले, याचा राग मला पुढे कितीतरी वर्षं आला. पण दुसरं कोण होतं तिथे? बाबांनी मला कुंपणापलीकडे उभं केलं होतं ते याचसाठी.

परत येताना आम्ही टेम्पोतच होतो, पुढच्या सीटवर तिघं. मागे कोथिंबिरीचा आणि भिजलेल्या पोत्यांचा वास होता. बाबा खुशीत होते. डॉक्टर शांत माणूस आहे, ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही, घरी न्या म्हणाला, म्हणजे विशेष काही नाही, असं ते गाडी चालवता चालवता सांगत होते. मला विचारायचे, बरोबर ना गं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलायचे. आता वाटतं, त्यांनाही आतून काहीतरी कळलं असणार, नाहीतर माणूस इतकं बोलत नाही. आई मध्ये बसली होती. तिचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता. पामबीच रोडच्या कडेला कुणी खाडीतली मासळी घेऊन बसलं होतं, तिथे बाबांनी टेम्पो थांबवला आणि चांगला मोठा जिताडा घेतला. आता तुला जेवण जाईल, ते आईला म्हणाले. ती हसली आणि मासा ताजा आहे का ते नेहमीप्रमाणे कल्ला उघडून बघितलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक मी केला. आई पाटावर बसून मला सांगत होती, कोकमाचं आगळ किती घालायचं, मीठ कधी घालायचं. कालवण उकळायला लागलं तरी ती उठून मोरीत गेली नाही, पदराची घडी नाकाशी धरून बसून राहिली. आजोबांना बाबांचं सगळं सांगून झालं होतं, त्यांच्या पद्धतीने. वर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पानं मांडली. आणि मग बाबांनी तांब्या ओढला आणि रोजच्यासारखं म्हटलं, "बोल बाय, आजचा शब्द."

माझ्याकडे सरांनी दिलेला दुसरा एक शब्द होता. तो मी सांगू शकले असते, त्याचं वाक्यही तयार होतं. पण घरावरचं खरं वाक्य त्या दिवशी एकच होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. मी भाकरीच्या परातीकडे बघत राहिले. बाबांनी पुन्हा विचारलं. आजोबा म्हणाले, पोर दमली आहे, आज सोडून दे. तेव्हा आईने हात पुढे करून एक ताट घेतलं, स्वतःचं. त्यात थोडा भात वाढला, वर चमचाभर कालवण, आणि ती आमच्या ओळीत येऊन बसली. तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"आज मी सांगतंय," ती म्हणाली.

बाबांना गंमत वाटली. ते मांडी सावरून बसले. आजोबा म्हणाले, न्यायाधीशच शब्द सांगणार तर पास कोण करणार?

"पॅलिएटिव," आई म्हणाली.

"तो झालेला हाय," बाबा म्हणाले. "आजोबांच्या गुडघ्याचा."

"झालेला हाय, पन वाक्य नवा हाय." तिने भातात बोटं घातली आणि तिथेच थांबली. "डॉक्टर मना जी औषदा देनार, ती पॅलिएटिव हायत. दुखना सोसंल. मी बरी व्हनार नाय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "खरा हाय ना गो?"

मी हो म्हटलं. डॉक्टरांनी मला समजावून सांगायला सांगितलं होतं, आणि माझ्या वाट्याला फक्त तेवढा एक होकार आला. बाकी सगळं तिने उचललं. आजोबांनी पान पुढे सरकवलं. बाबांनी आईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी शाळा उघडली त्या संध्याकाळी पाहिला होता तसा झाला, मी दप्तर फेकलं होतं त्या दिवसासारखा. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, वरच्या भाडेकरूंना ऐकू जाईल की काय अशा आवाजात, "मी यस कशाला बोललो?"

मी सांगितलं. उपचार नको, घरी नेतो, याला. ते उठले, ओसरीवर गेले आणि उभे राहिले. आईने त्यांना परत बोलावलं नाही. ती आपला भात कालवत राहिली आणि त्यातले दोन घास तिने आमच्या देखत खाल्ले.

पुढचे महिने मला सलग आठवत नाहीत. वास आठवतात: औषधाचा, डेटॉलचा, तव्यावर भाजलेल्या मिठाचा, कारण आता शेक आईला लागायचा आणि तो आजोबा स्वतः द्यायचे, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून. बाबा दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले. मला बरोबर नेलं. माझं यस परत घ्या, माझ्या बायकोला भरती करून घ्या, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगायला लावलं, आणि मी सांगितलं. डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं, यावेळी मी एकेक वाक्य मराठीत केलं. तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी हेच सुचवलं असतं, असंही ते म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही. रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात एकच, आपण त्या खोलीत आपल्या बायकोचा जीव थँक्यू म्हणून देऊन आलो. ते आईच्या खोलीत जायचे टाळू लागले. मार्केटातून येऊन टेम्पोतच बसून राहायचे. जेवताना शब्द विचारणंही त्यांनी बंद केलं. घरात इंग्रजीचं नाव नको झालं होतं.

आईला ते चाललं नाही. एका संध्याकाळी तिने आजोबांना सांगून आपलं अंथरूण स्वयंपाकघरात भिंतीशी घालून घेतलं, आमच्या पानांच्या ओळीत. उशीला टेकून बसली. तिला तेव्हा फक्त पेज जायची, तीही वाटीतून चमच्याने. बाबा खाली मान घालून बसले होते. तिने त्यांना म्हटलं, शब्द विचारा. बाबांनी मान हलवली, नको. ती म्हणाली, माझ्याकडे आहे, विचारा. मग मीच विचारलं, "बोल आई, आजचा शब्द."

"यस," आई म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. आजोबा म्हणाले की हा काही नवा शब्द नाही, हा तर गावातल्या शेंबड्या पोरांना येतो.

"माज्यासाठी नवा हाय," आई म्हणाली. तिला मध्येच दम घ्यावा लागत होता. "मना कदी कोनी काय इचारलाच नाय. लगीन, जमीन, घर, कायच नाय. मी कोनाला यस बोलनार?" तिने पेजेची वाटी बाजूला ठेवली आणि बाबांकडे बघितलं. "त्या दिवशी डॉक्टरनी मना इचारला असता ना, घरी जाशील का, तं मीच बोलले असते. पोरीचा पाय म्हनून दाबला मी. तुमी माजा यस बोललाव."

ते खरं होतं की बाबांसाठी केलेलं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. खोटं वाक्य तिने आयुष्यात पास केलं नव्हतं, एवढंच मी स्वतःला सांगत आले. बाबा मात्र तिथेच, पानावर बसल्या बसल्या रडले. मोठ्याने, तोंड न झाकता. आजोबा उठले नाहीत, मीही उठले नाही. वर कुणाचा तरी कुकर वाजत होता. मग बाबांनी डोळे पुसले, हात धुतले, आईची वाटी उचलली आणि उरलेली पेज चमच्याने तिला भरवली. त्या दिवसापासून ते टेम्पोत बसून राहिले नाहीत. तिच्याजवळच जेवायचे, तिच्याजवळच झोपायचे. ती गेली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

परीक्षा मी दिली नाही. त्या सकाळी घरात तिच्या सुतकाचे दिवस चालू होते. पुढे कायदा राहिलाच आणि मी शब्दच शिकवत राहिले, आधी फडतरे सरांच्या हॉलमध्ये, आता करंजाड्याला माझ्या स्वतःच्या घरात. बाबा माझ्याकडेच असतात, ऐंशीच्या घरात आलेत. मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून भराभर इंग्रजीत सांगू लागल्या. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "आधी मराठीत सांग. सगळा सांग. मंग त्यांना काय बोलायचा ता मी बोलन."

मी सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला, तेवढा वेळ डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत राहिल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, तुझी आई असती तर तिला विचारलं असतं.